रस्त्याकडचा तुकडा

शिवप्पाचं रान सहा एकर, आणि सहाच्या सहा एकर अशी काळी की पावसाळ्यात पाय घातला तर चप्पल तिथंच सोडून यावं लागतं. अक्कलकोटच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेल्या कल्लापुरात बोअर मारून ऊस लावणारे बरेच झाले होते. शिवप्पा मात्र पावसाच्या ओलीवर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पिकवणारा राहिला. त्याच्या रानात बोअरला पाणी लागलं नाही हे एक कारण, आणि त्याच्यासारखा शाळू पंचक्रोशीत कुणाला येत नव्हता हे दुसरं. तो लोकांना फक्त दुसरंच सांगायचा.

रान डांबरी रस्त्याला लागून. पौषात कणसं भरली की एसटीतली माणसं खिडकीतून मान बाहेर काढून बघत, आणि शिवप्पाला नेमकं त्याच दिवसांत बांधावर काहीतरी काम निघे. डोक्याला टापर बांधून तो उगाच एखादं गवत उपटत उभा राही. कुणी गाडी थांबवून विचारलं, "कुणाचं हो रान?" तर लगेच उत्तर द्यायचा नाही. आधी दोन-चार काड्या उपटायच्या, मग सांगायचं. माणसाला कशाचा तरी अभिमान असावा. शिवप्पाला रस्त्याकडच्या एकराचा होता.

त्याची लेक शिवलीला शेतीची पदवी घेऊन सोलापुरात एका संस्थेत लागली होती. कमी पावसाच्या मुलखात माती कशी राखावी आणि आहे त्या ओलीवर पीक कसं काढावं, याचा अभ्यास भारत, केनिया आणि ऑस्ट्रेलिया असे तीन देश मिळून करत होते, आणि त्यासाठी गावोगावची रानं हवी होती. प्रत्येक रानात एकेक एकराचे दोन तुकडे आखायचे. एकात पावसाळ्यात चौकोनी वाफे बांधून पाणी तिथंच जिरवायचं, गिरिपुष्पाचा पाला मिसळायचा, पेरल्यावर तुरकाट्यांचं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं, आच्छादन घालायचं. दुसऱ्यात यातलं काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं पेरायचं आणि बघत बसायचं. साहेब लोक त्याला 'कंट्रोल' म्हणत.

शिवलीलाचे वरिष्ठ हत्तुरे सर आपल्याच माणसाच्या घरचं रान घ्यायला तयार नव्हते. शिवलीला हट्टाला पेटली. "सर, माझे वडील शब्दाला पक्के आहेत. सांगितलं त्याच्या इकडचं तिकडं होणार नाही." लेक आपल्याविषयी असं बोलली हे शिवप्पाच्या कानावर आलं, तेव्हा तो आठ दिवस गावात दोन बोटं उंच चालत होता.

कुठला तुकडा कंट्रोल करायचा यासाठी हत्तुरे सरांनी दोन चिठ्ठ्या केल्या आणि शिवप्पाच्या बायकोपुढं, गौरम्मापुढं धरल्या. तिनं एक उचलली. कंट्रोल निघाला रस्त्याकडचा तुकडा.

"मागचा धरा की सर," शिवप्पा म्हणाला. "रान तर एकच हाय. रस्त्याकडं चांगलं दिसू द्या, मागं कसं का असंना."

"तसं नाही चालत. आपण निवडायला लागलो की परीक्षा मातीची राहत नाही," हत्तुरे सर हसून म्हणाले.

शिवप्पानं मान डोलावली. शब्द दिला होता.

पहिल्या वर्षी कोळपायच्या दिवसांतच रस्त्याकडचा शाळू मागं पडला. पानं पिवळट, ताटं बोटाएवढी, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. मागचा तुकडा काळाभोर उभा, पण तो रस्त्यावरून दिसतो कुठं? शेजारच्या रानाचा रुद्रप्पा, जो तीस वर्षं शिवप्पाच्या शाळूपुढं मान खाली घालून गेला होता, तो मुद्दाम मोटरसायकल थांबवायला लागला.

"का रं शिवप्पा, रान इकलं काय? न्हाय, कोण करतंय म्हणून इचारलं."

"कंट्रोल हाय ते."

"व्हय, दिसतंय की. रेशनच्या धान्यागतच दिसतंय."

शिवप्पानं हे तीन महिने सोसलं. चौथ्या महिन्यात एसटीतला एक म्हातारा खिडकीतून ओरडून गेला, "पावणं, हितं शिवप्पाचं रान व्हतं न्हवं?" व्हतं! तो शब्द त्याच्या जिव्हारी लागला. एका पंगतीत बसलेल्या दोन लेकरांतल्या एकाला तूप वाढायचं आणि एकाला नुसत्या भाकरीवर ठेवायचं, हे त्याच्यानं होणारच नव्हतं.

वैशाखात धनगरांचे कळप आले. त्या मुलखात उन्हाळ्यात मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात. चार-पाच रात्री कळप बसला की लेंड्या-मुतानं रान दोन वर्षं तरतं. शिवप्पानं तीनशे मेंढ्या रस्त्याकडच्या तुकड्यात पाच रात्री बसवल्या. गावाला त्यात काही वावगं दिसलं नाही. शिवलीला सोलापुरात. जूनमध्ये पाऊस झाला, लेंड्या मातीत मिसळल्या, खेळ खलास.

गौरम्मा तेवढी म्हणाली, "काय बी घालायचं न्हाय म्हनले व्हते न्हवं साहेब?"

"मी कुटं काय घातलं? मेंढ्या बसल्या," शिवप्पा म्हणाला.

पुढच्या वैशाखात मेंढ्या पुन्हा बसल्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामाला रस्त्याकडचा शाळू असा आला की रुद्रप्पा मोटरसायकल जोरात पळवून पुढं जायला लागला. शिवप्पा पुन्हा बांधावर गवत उपटायला उभा. मनाला कधी टोचलंच तर तो स्वतःला समजवायचा, की मागचा तुकडाही चांगला आहे, हाही चांगला आहे, यात कुणाचं काय गेलं?

काय गेलं ते तिसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात कळलं. शिवलीला रविवारी घरी आली. तिच्या आवडीची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी ताटात तशीच राहिली. गौरम्मानं खोदून खोदून विचारल्यावर ती बोलली.

"बाकीच्या अकरा गावांत बरोबर येतंय. कंट्रोलमधला सेंद्रिय कर्ब हाय तितकाच, वाफ्यातला वाढलेला. आपल्याच रानात दोन्ही सारखं. कंट्रोलमधला तर जास्तच! असं हुईलच कसं? सर म्हणतात, पिशव्यांच्या चिठ्ठ्या मी अदलाबदल केल्या असणार. दोन वर्षं, साडेचारशे पिशव्या, आन मी झोपेत चिठ्ठ्या लावल्या म्हणे."

"ह्यो कर्ब म्हंजी काय?" शिवप्पानं विचारलं. त्याला उत्तर आधीच कळायला लागलं होतं.

"पालापाचोळा, शेण, लेंडी कुजून मातीत जे ऱ्हातंय ते, अप्पा. मातीचा जीव म्हणा. तेच वाढलं की ओल टिकते."

शिवप्पानं तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"पुढच्या आठवड्यात केनियाच्या बाई येणार हायेत बघायला," शिवलीला म्हणाली. "त्येंच्यापुढं सर सांगणार, की हितली मोजणी धरू नका, आमच्या मुलीची चूक झाली. मला रानातल्या कामातनं काढून हाफिसात बसवणार हायेत. जाऊ दे. हुईल ते हुईल." आणि ती ताटावरून उठली.

ती दुपारच्या गाडीनं गेली. गौरम्मा भांडी घासता घासता थांबली. त्या घरात लाडाची भाषा मराठी आणि रागाची कानडी.

"साकु!" ती म्हणाली. म्हणजे पुरे. मग नवऱ्याला नीट कळावं म्हणून मराठीत आली. "लेक तोंडात घास घीना झाली. आता तरी बोला."

"बोललो तर काय व्हतंय ठावं हाय का तुला? तिनं साहेबाला सांगितलंय, माझा बाप शब्दाचा पक्का हाय. म्हंजी ती बी खोटी आन मी बी."

"आन न्हाय बोललात तर फकस्त ती खोटी."

तो आठवडा शिवप्पानं कसा काढला ते त्यालाच माहीत. पौष लागला, रान रस्त्याकडेला डोलत होतं, पण तो काही बांधावर गेला नाही.

केनियाहून आलेल्या बाईंचं नाव डॉ. म्वेंदे. उंच, काळ्याभोर, केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. अख्खं गाव गोळा झालं. बाई मातीतल्या होत्या हे शिवप्पाला पहिल्या मिनिटात कळलं. रानात शिरल्या शिरल्या त्यांनी बूट काढून ठेवले, भेगेत हात घातला, मूठभर माती काढली, दाबली, फोडली आणि नाकाला लावली. मग म्हणाल्या, आणि शिवलीलानं मराठी करून सांगितलं, "माझ्या आईचं रान कितुई जिल्ह्यात आहे. तिथली माती लाल आहे, पण भेगा अशाच पडतात."

त्यांनी मातीत पोकळ सळई फिरवून दोन्ही तुकड्यांतली माती स्वतःच्या हातानं काढली, पिशव्या भरल्या, चिठ्ठ्याही स्वतःच लिहिल्या. शिवलीला बाजूला रिकाम्या हातानं उभी. दोन वर्षं जे काम तिनं केलं ते तिच्यादेखत दुसरं कुणी करत होतं, आणि ती तरीही प्रत्येक शब्दाचं मराठी करत होती. शिवप्पाला लेकीच्या हातांकडं बघवेना.

हत्तुरे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी हळू आवाजात, इंग्रजीतच सुरुवात केली. पण गावात दहावी-बारावी झालेली पोरं होती, आणि 'मिस्टेक' हा शब्द तर सगळ्यांनाच कळतो. लोकांनी शिवलीलाकडं बघितलं. रुद्रप्पानंसुद्धा बघितलं.

"सर, थांबा," शिवप्पा म्हणाला. आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "पिशव्या बदलल्या न्हाईत. रान मी बदललंय."

हत्तुरे सर अर्ध्या वाक्यात थांबले.

"दोन वैशाख. तीनशे मेंढ्या, पाच-पाच रात्री. ह्या रस्त्याकडच्या तुकड्यात. काय बी घालायचं न्हाय म्हणून तुमी सांगितल्यालं, मी व्हय म्हणलेलं. माझ्या पोरीला ह्यातलं कायबी ठावं न्हाय. तिच्या चिठ्ठ्या खऱ्या हायेत. एक न् एक खरी."

डॉ. म्वेंदेंनी शिवलीलाकडं बघितलं. काय म्हणतोय हा माणूस? बापाचा गुन्हा परक्या भाषेत बापादेखत सांगायचा, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

"सांग," शिवप्पा म्हणाला. "जसंच्या तसं सांग. मेंढ्या सांग, रात्री सांग."

तिनं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. शिवप्पाला इंग्रजी येत नव्हतं. तरी लेक कुठं अडखळली आणि कुठं सावरली हे त्याला नीट समजलं. त्याला लाजेनं मेल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी, लाजेच्या वर चढून, हेही वाटलं की पोरगी आपल्यापेक्षा पक्की निघाली.

डॉ. म्वेंदेंनी वही काढली. मेंढ्या किती? रात्री किती? कळप तुकड्याच्या कुठल्या टोकाला बांधला? शिवप्पाला सगळं पाठ होतं. तो सांगत गेला, शिवलीला सांगत गेली, बाई लिहीत गेल्या. शेवटी त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "का केलं?"

"रस्त्यावरनं लोक बघत्यात," शिवप्पा म्हणाला.

हे मराठी ऐकून गर्दीतला कुणी हसला नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकानं तेच केलं असतं.

डॉ. म्वेंदेही हसल्या नाहीत, पण विरघळल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "कितुईत तीनशे घरं या आकड्यांची वाट बघतायत. असे वाफ्यांचे बांध घालायचे की नाही ते त्यावर ठरणार आहे. तुमच्या रानाचं ऐकून ते म्हणाले असते, काही न करता एवढं पिकतं तर उन्हात कशाला खपायचं? मेंढ्या त्यांना दिसल्याच नसत्या."

हे शिवलीलानं सांगितल्यावर शिवप्पाची नजर रस्त्याकडं गेली. रस्ता म्हणजे अक्कलकोटचा रस्ता, एवढंच त्याला माहीत होतं. त्याच्या रानावर डोळे लावून तीनशे घरं समुद्रापलीकडं बसली आहेत, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

हत्तुरे सर म्हणाले, हे रान आता यादीतून काढू. डॉ. म्वेंदे म्हणाल्या, "नको. कुणी विचारायच्या आत ज्यानं सांगितलं त्याचं रान मला हवंय. मेंढ्यांचा एकरही वेगळा मोजू. आमच्याकडं शेळ्या पुष्कळ आहेत. बाकीच्या रानात नवे दोन तुकडे आखा." मग शिवप्पाकडं वळून त्यांनी विचारलं, "पण या वेळी खरंच काही करणार नाही? बघवेल?"

"बघवंल," शिवप्पा म्हणाला.

मेंढ्यांच्या एकराला लागून, एक रस्त्याकडेला आणि एक मागं, असे नवे तुकडे आखले, चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या. गौरम्मानं डोळे मिटून उचलली. कंट्रोल पुन्हा रस्त्याकडचाच. या वेळी मात्र सगळे हसले, शिवप्पासकट.

शिवलीला हसली नाही. जाताना गाडीत बसायच्या आधी ती म्हणाली, "अप्पा, मला आदी सांगायचं की. दोन वर्षं मी माझ्याच डोळ्यांवर संशय घेतला." तिचे डोळे भरले होते. शिवप्पानं तिची पिशवी तेवढी गाडीत ठेवली. दोन महिने तिचा फोन फक्त अव्वाला, म्हणजे गौरम्माला, येत राहिला.

ते वर्ष शिवप्पानं कसं काढलं त्याची गोष्ट गावात अजून सांगतात. वैशाखात धनगर आला, त्याला शिवप्पानं चहा पाजून रुद्रप्पाच्या रानात धाडलं. मागच्या तुकड्यात पावसाळाभर वाफे बांधले, फुटलेले पुन्हा सावरले, पाला मिसळला. रस्त्याकडच्या तुकड्याला पाठ करून तो हे सगळं करायचा. उत्तरा नक्षत्राच्या पावसावर दोन्हीकडं एकाच दिवशी पेरलं. मार्गशीर्षात कंट्रोलमध्ये भेगा पडल्या तेव्हा कोळपून त्या बुजवायला त्याचे हात इतके शिवशिवायला लागले की गौरम्मानं कोळपं उचलून भावाच्या घरी पोचतं केलं. एकदा तर भेगेच्या तोंडाशी बसून तो पायानं माती लोटायच्या बेतात होता. तसाच उठला आणि घरी आला. रस्त्यावरून लोक बघत होते. शिवप्पा त्यांना दिसेल असा बांधावर उभा राहायचा. काम नसताना गवत उपटायचं सोंग त्यानं त्या वर्षी केलं नाही.

पौषात शिवारफेरी ठरली. आजूबाजूच्या गावांतले शंभरेक शेतकरी आले. शिवलीला पिशव्या, सळई, वजनकाटा घेऊन सकाळीच हजर झाली. रानातलं सगळं काम पुन्हा तिच्याच हातात होतं. मागच्या तुकड्यातला शाळू डोक्याच्या वर, कणसं मुठीत न मावणारी. रस्त्याकडचा कंबरेच्या खाली. फरक आंधळ्यालाही चाचपून कळला असता.

डॉ. म्वेंदे कितुईहून फोनवर दिसत होत्या. त्यांच्या मागं एका झाडाखाली पंचवीस-तीस शेतकरी बाकांवर बसलेले, पुढं एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा, डोक्यावर टोपी. शिवलीलानं फोन मागच्या तुकड्याकडं वळवला तसा शिवप्पानं तिच्या हातातून घेतला.

"आदी हे दाखवायचं," म्हणून तो रस्त्याकडच्या तुकड्यात शिरला. वाळकी ताटं, पिचकी कणसं, हातभर भेगा, सगळं त्यानं जवळून दाखवलं. भेगेत स्वतःचा हात कोपरापर्यंत घालून दाखवला. शंभर माणसांसमोर, भर रस्त्याच्या कडेला, आयुष्यातला सगळ्यात रोगट शाळू शिवप्पा ताठ मानेनं दाखवत होता. रुद्रप्पाच्या तोंडून टोमणा निघाला नाही. तो पुढं होऊन म्हणाला, "सावली पडतीया, जरा इकडनं धर," आणि स्वतःच ताटं बाजूला करून उभा राहिला.

फोनमधला म्हातारा काहीतरी बोलला. डॉ. म्वेंदेंनी त्याचं इंग्रजी केलं, शिवलीलानं मराठी.

"ते विचारतायत, रान असं वाळत असताना तुमाला झोप लागली का?"

"न्हाय लागली म्हणावं," शिवप्पा म्हणाला. "एक रात बी नीट न्हाय लागली. पण हात लावला न्हाय. तुमी बिनघोर बांध घाला म्हणावं."

शिवलीला फोनजवळ आली. तिनं लगेच सांगायला सुरुवात केली नाही, आधी बापाच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती इंग्रजीत बोलली, आणि त्या सगळ्या बोलण्यातलं सुरुवातीचं 'माय फादर' एवढंच शिवप्पाला कळलं. ते तिनं इतक्या मोठ्यानं म्हटलं की रस्त्यावरच्या माणसांनीही वळून बघितलं. पलीकडं, समुद्रापार, पांढऱ्या दाढीचा म्हातारा उठून उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.